परदेशात रोजची छोटी खरेदी : सुटे पैसे, कार्ड आणि काउंटरवरची घाई

सांजपाखरू

नमस्कार मंडळी, मे महिन्यात मी आणि आई अशा दोघीच प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट असं बारा दिवस फिरायला चाललोय. व्हिसा, तिकिटं, राहायची सोय सगळं झालंय. पैसे किती न्यायचे आणि कुठून घ्यायचे यावर भरपूर वाचायला मिळालं, पण मला जे हवंय ते त्यात नव्हतं म्हणून हा धागा काढतेय.

मला विचारायचंय ते अगदी किरकोळ खर्चाबद्दल. ट्रामचं तिकीट, पाण्याची बाटली, कॉफी, स्वच्छतागृह, एखादं पोस्टकार्ड. तीन शहरं म्हणजे तीन चलनं, कोरुना, युरो आणि फोरिंट. आई ७१ वर्षांची आहे, हिशोबाला एकदम पक्की, पण आता नजर पूर्वीसारखी राहिली नाही, बारीक अक्षर दिसत नाही. मागच्या परदेशवारीत सगळे पैसे माझ्याकडे होते आणि काही घ्यायचं झालं की ती माझ्याकडे बघायची. मला तेव्हा लक्षातच आलं नाही. घरी आल्यावर एक दिवस सहज बोलून गेली, "आठ दिवसांत मी माझ्या हाताने पाण्याची बाटलीसुद्धा घेतली नाही गं." ते मला फार लागलं. या वेळी तिच्याकडे तिचे वेगळे पैसे असावेत आणि तिने ते स्वतः खर्च करावेत असं मनापासून वाटतंय. काय काय तयारी करू? कुणी अशा देशांत फिरलं असेल तर अगदी बारीकसारीकही सांगा.

उंबरठा

धागा आवडला. वाचतोय.

खुर्दा

सांजपाखरू, प्रश्न फार बरोबर जागी आहे. आपण सगळे रेटच्या मागे लागतो, कुठे दोन पैसे जास्त मिळतात ते शोधत बसतो, आणि प्रत्यक्षात पैसे जातात ते काउंटरवर. मागे रांग उभी असते, समोरचा काहीतरी बोलतो ते कळत नाही, मशीन प्रश्न विचारतं आणि आपण घाईघाईत हो म्हणून मोकळे होतो. मी कामानिमित्त बरीच वर्षं फिरतोय आणि माझं ठाम मत आहे की तयारी करायची ती त्या पाच सेकंदांची.

सगळ्यात आधी कार्डाचं. तुम्ही परदेशी कार्ड लावलं की मशीनच्या स्क्रीनवर बऱ्याचदा दोन पर्याय येतात, एक तिथल्या चलनातला आकडा आणि दुसरा तुमच्या घरच्या चलनातला. घरच्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो म्हणून बोट आपोआप तिकडे जातं. तिथेच फसगत आहे, कारण तो रेट तुमच्या बँकेचा नसतो, दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते आणि त्यात स्वतःचा नफा घालते. नेहमी तिथलंच चलन निवडायचं. प्रागमध्ये कोरुना, व्हिएन्नात युरो, बुडापेस्टमध्ये फोरिंट, यात अपवाद नाही. निवड तुमची असते, दुकानदाराची नाही, कार्ड कंपन्यांचा नियमच तसा आहे. पण कधीकधी वेटर मशीन तुमच्यापुढे करायच्या आधीच बटण दाबून मोकळा होतो, म्हणून पिन घालण्याआधी स्क्रीनवर कुठलं चलन आहे ते वाचायचंच. चुकून झालंच तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून परत करायला सांगा, बाहेर पडल्यावर ते निस्तरणं फार अवघड होतं.

एटीएमवर हेच जास्त भीतीदायक भाषेत येतं. मशीन म्हणतं आम्ही एवढ्या रेटने रूपांतर करून देतो, मान्य की नामंजूर? नामंजूर दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटतं. तसं काही होत नाही, नामंजूर होतं ते फक्त रूपांतर, पैसे येतात आणि रेट तुमच्या बँकेचा लागतो. युरोपियन युनियनमध्ये २०२० पासून युरोपियन सेंट्रल बँकेच्या रेटच्या तुलनेत किती टक्के जादा लावतोय हे दाखवायचं बंधन आहे, तो टक्का एकदा वाचलात की पुन्हा कधी मान्य दाबणार नाही.

आणि एटीएम बँकेच्या भिंतीतलंच घ्या. पर्यटकांच्या गल्लीत, दुकानाच्या दारात उभी असतात ती बहुतेक खाजगी कंपन्यांची, पहिल्याच स्क्रीनवर भल्या मोठ्या रकमा दाखवतात. तिथे "इतर रक्कम" शोधून स्वतः आकडा टाका. क्रेडिट कार्डाने रोख काढू नका, त्यावर बहुधा पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. डेबिट किंवा प्रवासाचं प्रीपेड कार्ड वापरा.

वाटसरू२

खुर्दा यांना अनुमोदन. पण मला प्रामाणिकपणे वाटतं की आता एवढा सुट्ट्या पैशांचा व्याप करायची गरजच नाही. मी गेल्या वर्षी स्टॉकहोमला सहा दिवस होतो, स्वीडनची एक नोटही हातात धरली नाही. लंडनमध्ये तर बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. कार्ड टेकवा, चालू पडा. प्रागच्या ट्राममध्येसुद्धा कार्ड टेकवून तिकीट मिळतं. आईंना एक कार्ड द्या, मर्यादा घालून द्या, प्रश्न मिटला.

खुर्दा

स्वीडनपुरतं तुमचं बरोबर आहे. व्हिएन्नात तसं होणार नाही, ऑस्ट्रियात लोक अजून आवडीने रोखीत देतात आणि छोट्या कॅफेत कार्ड चालेलच याची खात्री नसते. शिवाय स्वच्छतागृहाचं फाटक, लॉकर, सुपरमार्केटची ढकलगाडी, बाजारातला भाजीवाला, इथे नाणंच लागतं.

सांजपाखरू

वाटसरू२, कार्ड देणारच आहे. पण आईला नोट देऊन मोड परत घेणं, ती मोजणं यातच खरेदी केल्यासारखं वाटतं. टेकवलं आणि बीप वाजलं यात तिला काही दिल्या-घेतल्याचं समाधान नाही. शिवाय स्क्रीनवरचं तिला वाचता येत नाही, मग मशीनने काय विचारलं ते तिला कळणार कसं?

वाटसरू२

हे पटलं. स्क्रीन न दिसण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

ओंजळ

मी सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. पण आज लिहावंसं वाटतंय, कारण माझी स्वतःची नजर लहानपणापासून अधू आहे आणि मी एकटी फिरते.

सांजपाखरू, तुमच्या आईंना नाणी डोळ्यांनी ओळखायला लावू नका, बोटांनी ओळखू द्या. युरोची नाणी ठरवूनच अशी केलीत की कडेवरून नख फिरवलं की कळतं. २० सेंटच्या कडेला सात खाचा आहेत, फुलासारखा आकार लागतो हाताला. १० आणि ५० ला दातेरी कड आहे पण ५० अंगाने चांगलंच मोठं. १ युरोची कड थोडी खरखरीत मग गुळगुळीत मग परत खरखरीत अशी तुटक लागते, २ युरोची सलग बारीक रेघांची आणि नाणं जड. दोन संध्याकाळी टेबलावर बसून सराव केला की होतं, मला तर एक तासच लागला होता. कोरुनातही सोय आहे. २ कोरुनाला अकरा बाजू आहेत आणि २० कोरुनाला तेरा, म्हणजे दोन्ही कोनांची, पण २० चं बरंच मोठं. १० चं गोल आणि तांब्याच्या रंगाचं, ५० चं गोल, दोन धातूंचं.

नोटांचं असं. युरोच्या नोटा आकाराने वेगवेगळ्या असतात, ५ ची सगळ्यात लहान, १२० मिलीमीटर लांब, १० ची १२७, २० ची १३३, ५० ची १४०. बोटांच्या मधे धरून अंदाज येतो. चेक नोटाही १०० पासून वर प्रत्येक टप्प्याला ६ मिलीमीटरने लांब होत जातात. फोरिंटला मात्र जपा, त्यांच्या ५०० पासून २०००० पर्यंत सगळ्या नोटा एकाच मापाच्या आहेत, १५४ बाय ७०. म्हणजे हाताला काहीच फरक लागत नाही, आणि पहिल्या आणि शेवटच्या नोटेत चाळीस पटींचा फरक आहे!

यावर मी करते ते सांगते. अमेरिकेत फिरताना शिकले, कारण तिथे तर एक डॉलर आणि शंभर डॉलर एकाच मापाचे आणि जवळजवळ एकाच रंगाचे आहेत. नोटा घड्या घालून ठेवायच्या. एक प्रकार सरळ, बिनघडीचा. दुसरा मधोमध आडवा दुमडलेला. तिसरा उभा, लांबट दुमडलेला. सर्वांत मोठी नोट पर्समध्ये ठेवायचीच नाही, दुसऱ्या कप्प्यात. मोड परत आली की काउंटरवरून बाजूला सरायचं, भिंतीला टेकायचं, घड्या घालायच्या आणि मगच चालायला लागायचं. हा शेवटचा नियम मी कधीच मोडत नाही. कुणीही घाई केली तरी.

उंबरठा

ओंजळ, हे वाचून थांबलो. माझ्या वडिलांना मी आजवर "तुम्ही राहू द्या, मी देतो" असंच म्हणत आलोय. मनापासून आभार.

सांजपाखरू

ओंजळताई, काय सांगू तुम्हाला. आईला वाचून दाखवलं. तिने लगेच सगळ्या नोटा काढून घड्या घालायला सुरुवात केली.

किनारा_किनारा

फोरिंटवरून आठवलं, बुडापेस्टमध्ये पहिल्या दिवशी आकड्यांनीच गोंधळ उडतो. एका साध्या जेवणाचे चार आकडी पैसे. मी व्हिएतनामला गेलो होतो तिथे तर याहून जास्त शून्यं, आणि लोक बोलताना शेवटचे हजार गाळूनच टाकतात, नुसतं पन्नास म्हणतात म्हणजे ५०,००० डोंग. तिथे २०,००० ची आणि ५,००,००० ची नोट दोन्ही निळसर, प्लास्टिकच्या. मी संध्याकाळच्या अंधारात टॅक्सीवाल्याला वीस हजार समजून पाच लाखाची नोट दिली होती. त्याने गाडीतला दिवा लावला, नोट माझ्यासमोर धरली आणि परत केली. त्याचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी मोठी नोट आणि छोटी नोट कधीच एका पाकिटात ठेवत नाही.

दुसरं, दर वस्तूचं आपल्या चलनात रूपांतर करत बसू नका. दिवसातून पन्नास वेळा गुणाकार करून डोकं शिणतं आणि सुट्टीचा आनंद जातो, शिवाय तिथलं महाग की स्वस्त ते त्यातून कळतच नाही, कारण तुम्ही तुलना घरच्या भावाशी करता. माझी पद्धत अशी की पहिल्या दिवशी सुपरमार्केटमध्ये जायचं आणि तीन भाव पाठ करायचे, पाण्याची बाटली, पाव आणि ट्रामचं तिकीट. मग कुठल्याही दुकानात गेलो की मनात म्हणायचं हे पोस्टकार्ड म्हणजे अर्धी बाटली, ही टोपी म्हणजे बारा तिकिटं. दोन दिवसांत त्या चलनात विचार करायला लागतो माणूस. आईंना हे फार जमेल, त्या पिढीचा तोंडी हिशोब आपल्यापेक्षा कितीतरी चांगला असतो.

आकडे लिहायची तऱ्हाही बघून घ्या. ऑस्ट्रियात दशांशाला टिंब नसतं, स्वल्पविराम असतो, आणि हजारानंतर टिंब. म्हणजे १.२५० दिसलं तर ते सव्वा नाही, साडेबाराशे. प्रागमध्ये किमतीच्या पुढे स्वल्पविराम आणि आडवी रेघ असते, त्याचा अर्थ पुढे काही नाही, पूर्ण कोरुना. याच्या अगदी उलट कुवेत, बहारीन आणि ओमानकडे, तिथे दशांशानंतर तीन आकडे असतात कारण एका दिनाराचे किंवा रियालचे हजार भाग होतात. तिकडे १.२५० म्हणजे खरंच सव्वा.

खुर्दा

हे महत्त्वाचं. आणि बिलाच्या पूर्णांकाचंही सांगून ठेवतो, कारण त्यावरून लोक विनाकारण वाद घालतात. हंगेरीत १ आणि २ फोरिंटची नाणी २००८ मध्ये बंद झाली, रोखीत दिलं तर एकूण बिल जवळच्या ५ ला नेतात. चेक प्रजासत्ताकात कोरुनाच्या खालचं नाणंच नाही, तिथे पूर्ण कोरुना करतात. कार्डाने दिलं तर मात्र पै न पै घेतात. म्हणजे हंगेरीत छापलेली किंमत ९९९ आणि तुम्ही रोख १००० दिले तर मोड मिळणार नाही, आणि त्यात फसवणूक काही नाही. फिनलंड, नेदरलँड्स, बेल्जियममध्येही १ आणि २ सेंट असेच बाजूला पडलेत. कॅनडाने तर २०१३ मध्येच पेनी वाटणं थांबवलं.

हिरवी_वाट

प्रागमध्ये पैसे बदलायचे असतील तर माझा अनुभव वाचाच. २०१७ ची गोष्ट. जुन्या शहरातल्या चौकाजवळ एका खिडकीवर मोठ्या अक्षरात "कमिशन शून्य" आणि त्याखाली झकास रेट. मी २०० युरो सरकवले. हातात आलं ते अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी. विचारलं तर बाई बोर्डाकडे बोट दाखवते, तो मोठा रेट ते विकतात त्याचा होता, विकत घेतात त्याचा खाली बारीक अक्षरात. पैसे परत मागितले, तर ती काचेआडून मान हलवत राहिली. मी तिथेच उभी राहून रडले होते, खोटं कशाला सांगू. रक्कम फार मोठी नव्हती, पण भर दिवसा डोळ्यांदेखत लुबाडल्यासारखं वाटलं.

आता मात्र तिथे कायदा बदललाय. एप्रिल २०१९ पासून १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, पावती घेऊन त्याच खिडकीवर जायचं आणि पैसे परत मागायचे, कारण सांगायची गरज नाही. म्हणून पावती टाकू नका. आणि पैसे सरकवण्याआधी "एवढे युरो दिले तर हातात नक्की किती कोरुना येतील" हे कागदावर लिहून मागा. एकच आकडा. बाकी बोर्डावर काय लिहिलंय ते वाचायचंच नाही. रस्त्यावर कुणी चांगला रेट देतो म्हणून जवळ आलं तर थांबूही नका, तिथे दुसऱ्याच देशाच्या बाद झालेल्या नोटा हातात ठेवतात.

वाटसरू२

म्हणजे प्रागमध्ये युरो चालत नाही का? मी समजत होतो सगळीकडे युरोच.

हिरवी_वाट

नाही हो. चेक प्रजासत्ताक, हंगेरी, पोलंड, रोमानिया, स्वीडन, डेन्मार्क हे सगळे युनियनमध्ये आहेत पण चलन आपापलं. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ ला युरो घेतला, बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ ला. पर्यटकांची दुकानं प्रागमध्ये युरो घेतात, पण रेट त्यांच्या मनाचा आणि मोड कोरुनात. दोन्ही बाजूंनी तोटा.

आणि नावांवरून फसू नका. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क तिघांचाही क्रोनाच म्हणतात पण एकाचा दुसऱ्याकडे चालत नाही.

जुना_रस्ता

मंडळी, मी वयाने बहुधा इथे सगळ्यांत मोठा. १९९८ मध्ये व्हिएन्नाला गेलो होतो तेव्हा शिलिंग होते. खिशात प्रवासी धनादेशांचं पुडकं, प्रत्येकावर एक सही आधी केलेली आणि दुसरी कॅशियरसमोर करायची, पासपोर्ट दाखवायचा, वीस मिनिटं जायची. आता हे वाचताना किती बदललं ते जाणवतं.

सांगायचा मुद्दा वेगळा आहे. तेव्हाची थोडी नाणी आणि एक शंभराची नोट माझ्या ड्रॉवरमध्ये तशीच राहिली होती. ऑस्ट्रियाची मध्यवर्ती बँक शिलिंग अजूनही बदलून देते, मुदत नाही (फक्त आधीच बाद ठरलेल्या काही जुन्या मालिका सोडून), एका युरोला १३.७६०३ शिलिंग हा ठरलेला दर. २०१९ मध्ये मुलाकडे जाताना ती पुरचुंडी घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीने एकेक नाणं मोजलं, आणि सात युरो आणि काही सेंट माझ्या तळहातावर ठेवले. त्याच पैशांत बायकोला कॉफी पाजली. एकवीस वर्षांपूर्वीच्या आमच्या सहलीतली उरलेली कॉफी होती ती.

पण सगळे देश असं करत नाहीत. म्हणून कुणी नातेवाईक "माझ्याकडे तिकडच्या नोटा पडून आहेत, घेऊन जा" म्हणाला तर आधी बघून घ्या त्या चालू आहेत का. इंग्लंडमध्ये कागदी २० आणि ५० पौंड ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, बँक ऑफ इंग्लंडकडे मात्र बदलून मिळतात. गोल १ पौंडाचं नाणं २०१७ मध्येच गेलं, आता बारा बाजूंचं आहे.

सांजपाखरू

काका, उरलेली कॉफी वाचून डोळे भरून आले.

रानजाई

टिपचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. या तिन्ही देशांत पैसे टेबलावर ठेवून उठून जायची पद्धत नाही, वेटर समोर असतानाच एकूण किती घ्यायचे ते सांगायचं. बिल ३७ झालं, तुम्ही ५० ची नोट दिली आणि म्हणालात "४०", की तो दहा परत देतो. पण नोट देताना "थँक्यू" म्हणालात तर त्याचा अर्थ "उरलेले ठेवा" असा घेतला जातो! माझी मोठी नोट अशीच गेली, त्याचा काही दोष नव्हता. आधी मोड हातात घ्या, मग धन्यवाद म्हणा. बुडापेस्टमध्ये बिलात सेवाशुल्क आधीच धरलंय का बघा, बऱ्याच ठिकाणी असतं, मग वेगळी टिप लागत नाही. कार्डाने देत असाल तर वेटरने आकडा टाकायच्या आधी सांगायला लागतं, नंतर वाढवता येत नाही.

आणि पैसे हातात द्यायची अपेक्षा धरू नका. काउंटरवर छोटी ताटली असते, त्यात ठेवायचे, तो मोडही त्यातच ठेवतो. जपानमध्ये तर सगळीकडे ताटलीच. आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर माणसाने हातात दिलं नाही याचं वाईट वाटतं. माझ्या सासूबाईंना वाटलं होतं.

किनारा_किनारा

जपानचं निघालंच तर, ५ येनच्या नाण्यावर आपल्याला वाचता येईल असा आकडाच नाही, फक्त त्यांच्या लिपीत. मधे भोक आणि पितळेचा रंग, एवढीच खूण. ५० ला पण भोक आहे पण ते चंदेरी. अमेरिकेत तर कुठल्याच रोजच्या नाण्यावर आकडा नाही, सगळं अक्षरात, आणि १० सेंटचं डाइम ५ सेंटच्या निकेलपेक्षा लहान. ओंजळताईंची बोटांची पद्धत तिथेही लागेल.

खुर्दा

शेवटचं माझ्याकडून. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना नाणी संपवा, कारण पैसे बदलणारे बहुधा फक्त नोटाच घेतात. सगळ्यात सोपा उपाय, निघायच्या दिवशी स्टेशनवरच्या दुकानात पाणी वगैरे घ्या, सगळी नाणी ताटलीत ओता आणि म्हणा उरलेले कार्डाने घ्या. बहुतेक जण घेतात. काही विमानांत युनिसेफची पाकिटं फिरवतात, त्यात उरलेली नाणी टाकता येतात, १९८७ पासून चालू आहे ते.

दोन कार्डं, दोन वेगळ्या बॅगांत. आणि ट्राममध्ये किंवा मेट्रोत कार्ड टेकवत असाल तर दिवसभर तेच कार्ड टेकवा. सकाळी प्लास्टिकचं आणि दुपारी मोबाइलमधलं असं केलं तर मशीनला ती दोन वेगळी कार्डं वाटतात. लंडनमध्ये दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, ती मग लागू होत नाही. आणि तिथे दोघांसाठी दोन वेगळी कार्डं लागतात, एकच कार्ड दोघांना चालत नाही.

सांजपाखरू

सगळ्यांचे आभार. सगळं लिहून घेतलंय. आईने तीन वेगळ्या रंगाच्या कापडी पिशव्या शिवल्यात, निळी कोरुनाची, पिवळी युरोची, लाल फोरिंटची. आल्यावर लिहीन.

सांजपाखरू

परवा रात्री परत आलो. लिहिते म्हणाले होते म्हणून बसले.

प्रागला पहिल्याच दिवशी बँकेच्या एटीएममधून कोरुना काढले. मशीनने रूपांतर विचारलं, मी नामंजूर दाबलं, एक क्षण छातीत धस्स झालं आणि पैसे आले. लगेच शेजारच्या दुकानात जाऊन मोठ्या नोटा मोडल्या आणि हॉटेलवर आईने पलंगावर नाणी पसरून डोळे मिटून सराव केला. तेराच्या तेरा बाजू काही मोजता येत नाहीत म्हणाली, पण कोन लागतात. दुसऱ्या दिवशी ट्रामच्या थांब्याजवळच्या टपरीवर ती एकटी गेली. मी मुद्दाम लांब उभी. तिने दोन बोटं दाखवली, माणसाने आकडा कागदावर लिहून दिला, तिने तो डोळ्यांजवळ धरला आणि निळ्या पिशवीत हात घालून न बघता एकेक नाणं ताटलीत ठेवलं. माणसाने बोटाने सरकवत मोजलं आणि अंगठा वर केला. दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन आली.

व्हिएन्नात एका कॅफेत खरंच फक्त रोख चालत होतं. आईनेच दिले. रानजाई, आम्ही आकडा आधी सांगितला आणि थँक्यू शेवटी म्हणालो, तुमची आठवण काढली. जुना_रस्ता काका, मध्यवर्ती बँकेवरून गेलो, आईला तुमची गोष्ट परत सांगितली.

एक चूक झाली, ती पण सांगते. बुडापेस्टमध्ये शेवटच्या दिवशी मी घाईत होते, गाडीला उशीर होत होता, आणि जेवणाच्या बिलाला वेटरने मशीन पुढे केलं ते आधीच घरच्या चलनावर होतं. मला दिसलं होतं, तरी जाऊ दे म्हणून पिन घातला. एवढं सगळं माहीत असून. खुर्दा, तुम्ही लिहिलेले पाच सेकंद ते हेच.

फोरिंटच्या नोटांना आईने ओंजळताईंच्या पद्धतीने घड्या घातल्या होत्या, हजाराची सरळ, दोन हजाराची आडवी, पाच हजाराची उभी. त्याहून मोठी माझ्याकडे. एका दुकानात तिने पोस्टकार्डं घेतली, पाच. मोड घेतली, दाराबाहेर आली, भिंतीला टेकली आणि शांतपणे घड्या घालत बसली. मागून गर्दी जात होती. मी चल म्हणणार होते, गप्प राहिले.

त्यातलं एक कार्ड तिने स्वतःच्याच नावाने घरी पाठवलंय, तिकीटही तिनेच घेतलं. अजून यायचंय.

ओंजळ

आलं की सांगा हं.